हरकईचे मूळ आणि मेंदूतील रसायन

मुंबई सरकारच्या वैद्यकीय भांडाराचे प्रमुख असलेले विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर या दोन सहकाऱ्यांसह 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ लिहिला. १८९० ते १८९३ या काळात तो तीन खंडांत प्रसिद्ध झाला. भारतात औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची त्यात बारकाईने नोंद आहे. त्यात 'हरकई' या मराठी नावाखाली एका झुडपाविषयी एक छोटी माहिती येते. दक्षिण कोकणातून मुंबईला कामासाठी आलेले बहुतेक मजूर या झुडपाच्या मुळाचा लहानसा तुकडा जवळ बाळगतात आणि पोटात कळ आली की त्याचा उपयोग करतात, असे डायमॉक सांगतात. कोकणात हेच मूळ पटकीवर सापसणीच्या मुळाबरोबर देतात आणि पोटशुळावर कुड्याच्या व मोगली एरंडाच्या मुळांबरोबर दुधातून देतात, असेही ते नोंदवतात.

मी मूळचा वेळणेश्वरचा. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात तीस वर्षे औषधांचे गुणधर्म शिकवून निवृत्त झालो आणि गावी परतलो. डायमॉक यांनी पाहिलेल्या त्या मजुरांत आमच्या गुहागर तालुक्यातलेही कुणी असणारच, कारण मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या ज्यांच्या बळावर चालल्या त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. त्यांच्या गाठोड्यातली ही हरकई म्हणजेच सर्पगंधा. शास्त्रीय नाव 'रावोल्फिया सर्पेंटिना'. पोटदुखीसाठी जवळ ठेवलेल्या या मुळातूनच पुढे साठ वर्षांनी असे एक द्रव्य निघाले, की ज्याने स्किझोफ्रेनियाचे रुग्ण शांत झाले, आणि ते का शांत झाले याचा शोध घेताना मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे काम जगाला कळले. हा प्रवास कसा झाला, त्यात भारताचा वाटा नेमका किती आणि तो कुठे तुटला, हे या लेखात पाहायचे आहे. हा विषय अभिमानाने सांगितला जातो. पण अभिमानाच्या भरात त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट निसटून जाते, असे मला वाटते.

झुडूप आणि त्याची नावे

सर्पगंधा हे गुडघ्याएवढे, फार तर मांडीएवढे वाढणारे झुडूप. पाने एकाच पेरावर तीन-तीन, चार-चारच्या वर्तुळात येतात. फुले पांढरी-गुलाबी, देठ लालसर आणि फळे पिकली की काळी-जांभळी होतात. मूळ वेडेवाकडे, सापासारखे वळलेले आणि चवीला अतिशय कडू. ओलसर सावलीच्या रानात ते उगवते. कोकण आणि सह्याद्रीपासून बंगाल, बिहार, आसामपर्यंत त्याचा आढळ आहे.

लिनियसने त्याला 'ऑफिओक्सायलॉन सर्पेंटिनम' म्हटले, म्हणजे सापलाकूड. 'रावोल्फिया' हे कुळाचे नाव मात्र प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ साली अमेरिकेतल्या वनस्पतींसाठी घडवले. ते लिओनहार्ट रावोल्फ या आउग्सबर्गच्या वैद्याच्या स्मरणार्थ होते. १५७३ ते १५७६ या काळात हा वैद्य अलेप्पो, बगदाद, जेरुसलेम असा हिंडला, पण भारतात कधी आलाच नाही. ज्या झुडपामुळे त्याचे नाव आज औषधशास्त्राच्या पुस्तकात आहे, ते त्याने पाहिलेले नव्हते.

आपल्याकडच्या नावांतून वापर कळतो. संस्कृत आणि मराठी नावांत साप आहे, कारण सर्पदंशावरचा उतारा म्हणून हे मूळ प्रसिद्ध होते. बिहारमध्ये मात्र हेच मूळ बाजारात 'पागल की दवा' म्हणून विकले जात असे. आरडाओरडा करणाऱ्या, झोप उडालेल्या माणसाला ते दिले जाई आणि रडणाऱ्या मुलांनाही झोपवण्यासाठी दिले जाई. म्हणजे एकच वनस्पती, पण कोकणातल्या माणसाला ती पोटाचे औषध म्हणून ठाऊक होती आणि पाटण्याकडच्या माणसाला वेडाचे औषध म्हणून. आमच्या भागात कुणाचे डोके फिरले की देवाला गाऱ्हाणे घालत, कौल लावत, जाणत्याकडे नेत. औषधाचे मूळ कदाचित त्याच घराच्या फडताळात पोटदुखीसाठी ठेवलेले असे. पारंपरिक ज्ञान म्हणून आपण ज्याचा एकत्र उल्लेख करतो, ते असे ठिकठिकाणी विखुरलेले होते. एका प्रांताचे दुसऱ्या प्रांताला कळण्याची सोय नव्हती.

दरम्यान इंग्रज सरकारने १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला आणि त्यानंतर अशी इस्पितळे वाढत गेली. रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ सालचे. याच वर्षी ब्रह्मदेशच्या थिबा राजालाही कैदी म्हणून रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. या इस्पितळांचे मुख्य काम रुग्णाला समाजापासून आणि समाजाला रुग्णापासून दूर ठेवणे हे होते. ब्रोमाइड, पॅराल्डिहाइड यांसारखी गुंगीची औषधे, बंद खोली आणि कष्टाचे काम, एवढेच उपाय हाती होते. १९३० च्या दशकात इन्शुलिन देऊन बेशुद्ध करणे आणि विजेचे झटके हे उपचार युरोपातून आले. आजारावर थेट काम करील असे औषध मात्र जगात कुठेच नव्हते.

१९३१ : दोन वाटा

१९३१ या एकाच वर्षी भारतात सर्पगंधेवर दोन महत्त्वाची कामे प्रसिद्ध झाली. पहिले काम कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांचे. सेन हे आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक दोन्ही शिकलेले. त्यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच सर्पगंधा हे वेडाचे आणि वाढलेल्या रक्तदाबाचे नवे भारतीय औषध असल्याचे म्हटले आहे. मुळाची पूड २० ते ३० ग्रेन, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा दिल्याने झोप लागते, रक्तदाब उतरतो आणि हिंसक लक्षणे कमी होतात, असे त्यांनी नोंदवले. उन्माद आणि रक्तदाब हे दोन्ही गुण एकाच लेखात, आकड्यांसह. पाश्चात्त्य जगाला हे कळायला आणखी दोन दशके लागली.

दुसरे काम दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयातले. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने सलिमुज्जमान सिद्दिकी यांनी तिथे रसायनशाळा उभी केली होती. जर्मनीत शिकून आलेल्या सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळातून पाच अल्कलॉइड शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ साली निधन पावलेल्या हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्यांतल्या तिघांना अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन अशी नावे दिली. अजमलीन आजही हृदयाच्या ठोक्यांच्या एका विकाराची तपासणी करण्यासाठी वापरतात. १९३३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून मुळाच्या अर्काचे गुणधर्म तपासले. १९३४ साली हिमालया ड्रग कंपनीने 'सर्पिना' ही गोळी बाजारात आणली.

एवढे सगळे हाती असताना वेडावरचे औषध भारतात का निघाले नाही? एक कारण रसायनशास्त्रातच आहे. सिद्दिकींनी वेगळे केलेल्या पाच स्फटिकांत झोप आणणारा, मन शांत करणारा गुण नव्हता. तो मुळाच्या चिकट, राळेसारख्या उरलेल्या भागात होता. पुढे १९४० च्या दशकात भारतीय संशोधकांनीच या राळेत गुंगी आणणारा गुण असल्याचे दाखवले, पण तिच्यातले नेमके द्रव्य वेगळे करण्याइतकी साधने आणि पैसा त्यांच्याकडे नव्हता.

दुसरे कारण पद्धतीचे. सेन आणि बोस यांच्या लेखात औषध घेतलेल्यांची तुलना औषध न घेतलेल्यांशी नव्हती. त्या काळी जगातही अशी तुलना क्वचितच होत असे, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण लेख भारतीय नियतकालिकात होता, तो परदेशात वाचला गेला नाही, आणि देशातल्या सरकारी मनोरुग्णालयांनीही तो पुढे नेला असे दिसत नाही. रत्नागिरीच्या इस्पितळाभोवतीच्या डोंगरांत ज्या झुडपाची मुळे मिळत, त्याविषयीचा लेख कोलकात्यात छापला गेला होता. या दोन गोष्टींची गाठ कुणी घालून दिली नाही.

मुंबईचे डॉ. वकील

ही गाठ पडली ती मुंबईत, पण रक्तदाबाच्या निमित्ताने. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी सर्पगंधेचा उपयोग अनेक वर्षे केला आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता आणि त्रास फारसा झाला नव्हता. भारतीय औषधाविषयीचा भारतीय डॉक्टरचा लेख लंडनच्या नामांकित नियतकालिकात आल्यावर मग जग जागे झाले. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळाची पूड मागवून आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांना दिली. रक्तदाबाबरोबर रुग्णांची मनेही निवांत होतात, हे त्यांनाही जाणवले.

स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या सीबा कंपनीने त्या दुर्लक्षित राळेकडे लक्ष वळवले. म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ साली तिच्यातून रेझर्पीन हे द्रव्य वेगळे केले. मुळातल्या शांत करणाऱ्या गुणाचे श्रेय मुख्यतः याच द्रव्याकडे जाते. ग्रॅमभर मुळाऐवजी आता मिलिग्रॅममध्ये मोजता येईल अशी गोळी हाती आली. १९५६ साली हार्वर्डच्या वुडवर्ड यांनी रेझर्पीन प्रयोगशाळेत संपूर्ण कृत्रिमरीत्या बनवून दाखवले. सेंद्रिय रसायनशास्त्रात ते काम आजही आदर्श मानले जाते.

फुटायच्या थांबलेल्या काचा

न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमधले मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांच्या वाचनात अहमदाबादच्या डॉ. हकीम यांचे काम आले. सर्पगंधेचा मानसिक आजारांत उपयोग केल्याचा निबंध डॉ. हकीम यांनी १९५३ साली वाचला होता. क्लाइन यांनी आपल्या रुग्णालयात शेकडो रुग्णांना सर्पगंधा आणि रेझर्पीन दिले आणि १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे कोंडून ठेवावे लागलेले रुग्ण शांत झाले होते, बोलू लागले होते. या काळाची एक आठवण सांगतात. रुग्णालयात खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या कारागिराचे काम एकाएकी कमी झाले, आणि कोणत्या वॉर्डात औषध चालू आहे हे त्याच्या लक्षात आले.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये दुसरे औषध उभे राहत होते. रोन-पुलांक कंपनीच्या पॉल शार्पांतिए यांनी डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमझीन बनवले. नौदलातले शल्यवैद्य लाबोरी यांना त्याचा शस्त्रक्रियेपूर्वी शांत करण्यासाठी उपयोग दिसला आणि १९५२ साली सेंट-ॲन रुग्णालयात डले आणि डनिकर यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. त्याचा परिणाम रेझर्पीनपेक्षा लवकर आणि अधिक खात्रीने होई.

१९५७ सालचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार या दोन्ही औषधांच्या कामासाठी सहा जणांना मिळून देण्यात आला. लाबोरी, डनिकर आणि कॅनडात हे औषध रुजवणारे लेहमान हे क्लोरप्रोमझीनसाठी, क्लाइन आणि कॅलिफोर्नियाचे नोस हे रेझर्पीनसाठी, आणि सहावे मुंबईचे डॉ. वकील, सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगासाठी. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. सेन, बोस आणि सिद्दिकी यांची नावे त्या पुरस्कारात नव्हती.

सुस्त ससे आणि डोपामिन

इथून पुढचा भाग मला इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. रेझर्पीन मन शांत करते, पण कसे? १९५५ साली अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की रेझर्पीन दिल्यावर प्राण्याच्या मेंदूतला सिरोटोनिनचा साठा संपतो. मेंदूतले एखादे रसायन घटले की वागणूक बदलते, याचा हा जवळजवळ पहिला प्रत्यक्ष पुरावा. त्याच प्रयोगशाळेत काही महिने काम करून स्वीडनला परतलेले अर्विद कार्लसन यांनी पुढे जाऊन पाहिले. १९५७ साली त्यांनी सशांना रेझर्पीन दिले. ससे कान पाडून निश्चल बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचले. शरीरात याचे डोपामिन बनते. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. सिरोटोनिनचा कच्चा माल दिला तेव्हा असे झाले नाही. पुढच्या वर्षी कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूत डोपामिन असते आणि रेझर्पीनने ते नाहीसे होते, हे मोजून दाखवले. तोपर्यंत डोपामिन हा दुसरे रसायन तयार होतानाचा केवळ मधला टप्पा समजला जाई.

यामागची यंत्रणा अशी. मज्जापेशी आपले रासायनिक निरोप बारीक पिशव्यांत भरून ठेवतात आणि वेळ आली की पिशवी फोडून पुढच्या पेशीकडे सोडतात. रेझर्पीन या पिशव्या भरणारा पंपच बंद पाडते. बाहेर राहिलेले डोपामिन पेशीतली विकरे मोडून टाकतात. हळूहळू साठा संपतो आणि निरोप थांबतात. क्लोरप्रोमझीन साठ्याला हात लावत नाही. ते पुढच्या पेशीवरच्या ग्राहीवर, म्हणजे निरोप जिथे पोचतो त्या जागी, अडून बसते. १९६३ साली कार्लसन आणि लिंडक्विस्ट यांनी क्लोरप्रोमझीन आणि हॅलोपेरिडॉल ग्राही अडवत असावीत, असा तर्क प्रयोगाच्या आधारे मांडला. १९७० च्या दशकाच्या मध्यात टोरोंटोचे सीमन आणि बाल्टिमोरचे स्नायडर यांच्या गटांनी दाखवले, की एखादे औषध डोपामिनच्या ग्राहीला जितके घट्ट चिकटते, तितका त्याचा कमी डोस रुग्णाला पुरतो. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यातली एक गंमत कोकणातल्या वाचकाला सांगावीशी वाटते. सशांना उठवणारे एल-डोपा ज्या बियांत भरपूर असते, ती खाजकुइली आमच्या कुंपणांवर माजते. तिच्या बियांतून एल-डोपा वेगळे केल्याची नोंद दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच केली होती. मेंदूतले डोपामिन रिकामे करणारे मूळ आणि ते पुन्हा भरून काढणारे बी, दोन्ही एकाच रानातले. पण या दोघांचा परस्परांशी असलेला संबंध कळायला स्वीडनमधले ससे लागले.

लाकूड झालेला माणूस

रेझर्पीन किंवा क्लोरप्रोमझीनचा डोस जास्त झाला की माणसाचे हातपाय ताठरतात, बोटे थरथरतात, चेहरा निर्विकार होतो, म्हणजे कंपवातासारखी लक्षणे दिसतात. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिएविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे दाखवले आणि कोडे सुटले. मेंदूच्या एका भागात डोपामिन अडवल्याने भास आणि संशय कमी होतात, पण तेच डोपामिन दुसऱ्या भागात हालचालींना लागते. गोळीला हे दोन भाग वेगळे ओळखता येत नाहीत.

पुस्तकात हे चार ओळींत संपते. आमच्या घरात याची किंमत मोजावी लागली. माझे एक चुलतकाका विशीत असताना आजारी पडले. समुद्राच्या गाजेतून आपल्याला कुणी बोलावते आहे असे ते सांगत, घरच्या जेवणात विष आहे म्हणत. कौल झाले, नवस झाले. शेवटी १९६० च्या दशकात थोरल्या काकांनी त्यांना तवसाळहून होडीने जयगडला आणि तिथून रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत आवाज थांबले. पण त्यांचे हात थरथरू लागले, चालताना पाय घासू लागले, जेवताना आमटी सांडू लागली. "ह्या गोळ्यांनी माझ्या पोराचं लाकूड केलंनी," असे आजी म्हणे. कुणाला न विचारता गोळ्या बंद झाल्या. थरथर गेली आणि काही महिन्यांत ते आवाज परत आले. त्यानंतर काका पूर्वीसारखे कधीच झाले नाहीत.

त्या थरथरीवर उतारा होता. डोस कमी करता आला असता किंवा ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी जोडीला देता आली असती. हे औषध तेव्हाही मिळत होते. परत डॉक्टरांकडे जाऊन विचारायचे असते, हे मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हते, आणि जयगडची खाडी ओलांडणे पावसाळ्यात सोपे नव्हते. विज्ञानाला डोपामिनचे दोन्ही परिणाम उमगले त्याच दशकातली ही गोष्ट. ते ज्ञान आणि आमची आजी यांच्यामधले अंतर पार करून देणारे कुणी नव्हते.

श्रेय कुणाचे?

'हे सगळे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते' असे सर्पगंधेच्या बाबतीत हमखास ऐकू येते. हे विधान निम्मे खरे आहे. हे मूळ उन्मादावर गुणकारी आहे, हे बिहार-बंगालमधल्या वैद्यांना आणि सामान्य माणसांना निश्चित ठाऊक होते, आणि ते ज्ञान नसते तर सेन-बोस, वकील, क्लाइन कुणीच त्या वाटेला गेले नसते. पण मेंदूत डोपामिन असते आणि त्याचा या आजाराशी संबंध आहे, हे कुणालाही ठाऊक नव्हते. भारतातही नव्हते आणि बाझललाही नव्हते. सीबाने रेझर्पीन रक्तदाबासाठी काढले होते, मेंदूचे कोडे सोडवण्यासाठी नव्हे. मूळ, मुळाचा वापर, वापराची नोंद, नोंदीची तपासणी, तपासणीतून शुद्ध द्रव्य आणि द्रव्यातून यंत्रणा अशी ही साखळी आहे. पहिल्या तीन-चार कड्या भारतीय हातांनी घडवल्या. पुढच्या कड्या बाहेर घडल्या, कारण तिथे रसायनतज्ज्ञ, प्राण्यांवर प्रयोग करणारा आणि डॉक्टर एकमेकांचे काम वाचत होते. आपल्याकडे १९३१ साली तिघेही होते. एक दिल्लीत, एक कोलकात्यात आणि काही वर्षांनी एक मुंबईत.

दुसरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रेझर्पीनला मनोविकारांवरचे औषध म्हणून फार आयुष्य लाभले नाही. त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागत, रक्तदाब उतरे, आम्लपित्त वाढे आणि काही रुग्ण खिन्न होत. क्लोरप्रोमझीन आणि १९५८ साली बेल्जियममध्ये यान्सेन यांनी शोधलेले हॅलोपेरिडॉल यांनी त्याची जागा घेतली. म्हणून आज कुणी स्किझोफ्रेनियावर सर्पगंधेचे चूर्ण सुचवले तर ते घेऊ नये. मुळात अल्कलॉइडचे प्रमाण झाडागणिक बदलते, बरेचसे सालीतच असते, आणि घरी दिलेल्या चमच्यात नेमके किती गेले हे कुणालाच कळत नाही. चालू गोळ्या सोडून ते घेणे तर दुहेरी धोक्याचे.

झुडपाचेही हाल झाले. १९५० च्या दशकात जगभरातून मागणी आली आणि जंगलातून मुळे उपसली गेली. मूळ काढले की झाडच जाते. शेवटी मोठ्या कारखान्यांनी आफ्रिकेतल्या त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाकडे मोर्चा वळवला. १९९० पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आमच्या बाजूला आज हरकई दाखवा म्हटले तर दाखवणारा माणूसही शोधावा लागतो.

डोपामिनच्या पलीकडे

डोपामिनचा सिद्धान्त उपयोगी ठरला, पण अपुरा. 'मेंदूत केमिकल वाढले' एवढे सांगून आजार समजावता येत नाही. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण येत नाही. अशांपैकी अनेकांना क्लोझापिन उपयोगी पडते, हे १९८८ साली केन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. क्लोझापिन डोपामिनच्या ग्राहीला सैलच चिकटते. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी करावी लागते. शिवाय ही औषधे भास आणि संशय कमी करतात, पण आळसलेले मन, आटलेले बोलणे, माणसांतून उठून जाणे यांवर त्यांचा परिणाम थोडाच होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांच्या जोडगोळीला मान्यता दिली. डोपामिनच्या ग्राहीला न अडवता वेगळ्या वाटेने काम करणारे स्किझोफ्रेनियावरचे हे पहिले मान्यताप्राप्त औषध.

आपल्याकडे प्रश्न अजून आधीच्या पायरीचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार या गटातल्या गंभीर आजारांच्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचारच पोचत नव्हते. ज्या गोळ्यांचा इतिहास मी वर सांगितला, त्यांतल्या जुन्या गोळ्या फार स्वस्त आहेत, तरीही ही स्थिती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार मिळणे हा त्याचा हक्क ठरवला. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात उभी केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची संस्था, रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णांना बरे करून घरी पोचवणारे डॉ. भरत वाटवानी यांचे कर्जतचे केंद्र यांनी महाराष्ट्रात या आजाराविषयी बोलण्याची सवय लावली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ सालच्या चित्रपटाने तर कोकणातला असा एक तरुण घराघरांत नेला.

आता तवसाळ-जयगड खाडीवर मोटारी वाहून नेणारी फेरीबोट आहे. वेळणेश्वरहून सकाळी निघालेला माणूस रत्नागिरीला डॉक्टरांना दाखवून संध्याकाळी घरी येऊ शकतो. तेव्हा ज्यांच्या घरी असे कुणी आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. गोळीने हात थरथरला, मान वाकडी झाली, जीभ जड झाली, वजन वाढले, तर ते लपवू नका आणि गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. डोस, तारीख आणि दिसलेला त्रास एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांसमोर उघडा. सेन आणि बोस यांनी १९३१ साली हेच केले होते. जे दिसले ते डोसासह लिहून ठेवले.